मानेत इंजेक्शन, आराम हाताला

“अहो वहिनी, थांबा जरा. मघाशी तुमच्या वन्संना रिक्षातून उतरताना पाहिलं. उजवी पापणी पडलेली, डोळा लालभडक. पलीकडच्या आजींनी तर दूधवाल्यालाही सांगून टाकलं, लकवा मारला म्हणून!”

“आजींच्या तोंडाला काही धरबंध? लकवा-बिकवा काही नाही हो. मिरजेला मानेत इंजेक्शन दिलंय. त्यानं पापणी पडते, बाहुली बारीक होते, त्या बाजूचं नाक चोंदतं, आवाजही घोगरा होतो. काही तासांत सगळं जागेवर येतं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पापणी पडली तर घाबरू नका, औषध लागू पडतंय असं समजा.”

“पण दुखणं हाताचं ना? मग सुई मानेत कशाला?”

“मीही हेच विचारलं. पावसाळ्यात त्या मोरीपाशी घसरल्या, मनगट मोडलं, ते ठाऊकच आहे तुम्हाला. प्लास्टर निघालं, हाडही छान जुळलं. पण हात सुजलेला, कातडी तुकतुकीत, कधी लाल तर कधी निळसर आणि गार. पदर नुसता घासला तरी किंचाळायच्या, पंख्याचा वारा सोसवेना. सासूबाई म्हणाल्या, कामं टाळायची नाटकं! शेवटी डॉक्टरांनी नाव सांगितलं, सीआरपीएस. मोडलेलं बरं होतं, पण नसा दुखण्याचा हेका सोडत नाहीत.”

“अगंबाई! आणि मानेचा काय संबंध?”

“मानेच्या तळाशी, मणक्यांच्या पुढच्या अंगाला, नसांचा एक गुच्छ असतो. स्टेलेट गँग्लियन म्हणतात त्याला. हाताच्या नि चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या आवळायच्या, घाम आणायचा, हे हुकूम तिथून जातात. त्याच्यापाशी भुलीचं औषध सोडलं की ते हुकूम थोडा वेळ बंद. वन्संचा बर्फासारखा हात तिथल्या तिथे गरम झाला बघा. औषध हातापर्यंत पोचल्याची खरी खूण तीच, नुसती पापणी पडणं पुरेसं नाही, असं तिथली भूलतज्ज्ञ पोरगी म्हणाली.”

“मला तर ऐकूनच कापरं भरलं. मानेत सुई म्हणजे!”

“भीती खोटी नाही. तिथे मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी, खाली फुप्फुसाचं टोक. औषध रक्तवाहिनीत गेलं तर झटके येऊ शकतात. म्हणून सोनोग्राफीवर बघत बघत, सहाव्या मणक्याच्या पातळीला सुई घालतात. दोन्ही बाजूंना एकाच दिवशी कधी देत नाहीत, श्वासाची पंचाईत होईल. आणि आवाज मोकळा होईपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा नाही, ठसका लागतो. वन्संना चहाची केवढी तलफ! रुसून बसल्या होत्या.”

“म्हणजे आता दुखणं गेलं म्हणायचं.”

“छे! गेलं कुठलं? थोडं सैल झालंय. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, हे जोडीला आहे, मुख्य औषध म्हणजे व्यायाम. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, आणि अभ्यासांतून भक्कम पुरावा अजून मिळालेला नाही. पण दुखणं जरा उतरलेलं असतं तेवढ्यात फिजिओवाली हात हलवून घेते. आधी कापूस फिरवायचा, मग सुती फडकं, मग टॉवेल. नंतर तांदळाच्या डब्यात हात घालून मुठी आवळायच्या. आज पहिल्यांदा त्यांनी डब्यातून पूर्ण मूठ भरून काढली. सासूबाई बघत होत्या, पण बोलल्या काही नाहीत.”

“बोलतील कशाला! बरं, आमची सून म्हणत होती, हे इंजेक्शन अमेरिकेत सैनिकांनाही देतात, मनावरच्या धसक्यासाठी.”

“हो, 2020 साली तिथल्या सैनिकांवरचा अभ्यास छापून आला. नुसतं नावापुरतं टोचलेल्यांपेक्षा खरं औषध मिळालेल्यांना अधिक आराम पडला. पण त्याआधीच्या एका लहान अभ्यासात काहीच फरक नव्हता. तुमच्या त्या पाळी जातानाच्या गरम वाफांवरसुद्धा देऊन पाहिलंय म्हणे.”

“हळू बोला हो, आमचे हे ओसरीवर बसलेत! मला नको बाई मानेत सुई, पंखा पुरे आहे. पण माझ्या भावाची मान फार आखडते. त्या डॉक्टरांचा पत्ता द्याल?”

“देते की. पण तुमच्या भावाचं मणक्यांच्या झिजेचं, ते वेगळं दुखणं. उठसूट दुखणाऱ्या मानेला हे इंजेक्शन नसतं. आधी नीट तपासून घेऊ दे. आणि हृदयासाठी त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना? ती पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगायची. मनानं बंद मात्र करायची नाही, एवढं त्यांना आजच फोन करून सांगा.”