शेवटच्या घरचे व्होल्ट

कर्जत-खोपोली गाडीने केळवलीला उतरून चालत आलं की आमची वाडी लागते. तिच्यातलं अगदी शेवटचं घर आमचं. डांबर आमच्या आधी संपतं, नळाचं पाणी आमच्या आधी संपतं आणि लाईटचा शेवटचा खांब आमच्या परसात शेवग्याला खेटून उभा आहे. जुलैमध्ये लाकडं ओली, चूल नुसती धुमसते. म्हणून अंघोळीचं पाणी बादलीत हीटरची कांडी सोडून तापवायचं. पण धबधबे बघायला मुंबईची माणसं शुक्रवारी रात्रीच येऊन थडकतात आणि शनिवारी सकाळी आमच्या अलीकडच्या सगळ्या फार्महाऊसांतले गीझर एकदम लागतात.

"अहो, वीस मिनिटं झाली, पाणी अजून कोमटच आहे," सौ. म्हणाली.

"होल्टेज नाही," आईने कॉटवरूनच निदान केलं.

फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर लाल आकडा होता : १८०. हवेत २३०. म्हणजे शंभरात बावीस कमी. विसाच्या जागी पंचवीस मिनिटं लागतील, असा हिशेब मी ऐटीत जाहीर केला. अर्धा तास झाला तरी पाणी काही मनावर घेईना. शेवटी कॅलेंडरचं जूनचं पान फाडून पाठीवर गणित मांडलं.

कांडीवर छापलंय : १००० वॉट, २३० व्होल्ट. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. तेव्हा धारा ४.३५ अँपिअर. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध : सुमारे ५३ ओहम. ही कांडी स्वभावाने स्थिर; थंड असो, तापलेली असो, तिचा रोध फारसा हलत नाही. आता त्याच ५३ ओहमवर १८० व्होल्ट आले, तर धाराही घटून ३.४ अँपिअर झाली. व्होल्ट कमी आणि अँपिअरही कमी, म्हणजे गुणाकाराला दोन्ही बाजूंनी मार. उरले ६१२ वॉट! बावीस टक्के तूट दाखवून एकोणचाळीस टक्के ऊब पळवली. पंधरा लिटर पाणी वीस अंशांनी तापायला एकवीस मिनिटं लागायची, तिथे चौतीस.

सगळे दिवे मात्र कांडीसारखे सरळ नसतात. कर्जतच्या बाजारातून मल्टिमीटर आणला तेव्हा मी उत्साहाने जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब मोजला होता. गणिताने ८८२ ओहम यायला हवे होते, मीटर म्हणाला ६५. मीटर परत करायला निघालो होतो. मग कळलं की ८८२ हा तापलेल्या तारेचा रोध. थंड असताना ती अगदी मवाळ असते, तापली की चौदापट अडून बसते. आमच्या भावकीतल्या दोन-तीन माणसांचं मोजमाप मी तेव्हापासून सकाळी, चहाच्या आधीच करतो.

व्होल्टला अँपिअरने भागायचा हा नियम सांगणारा ओहम हा जर्मनीतल्या कुलपं करणाऱ्याचा मुलगा, पेशाने मास्तर. १८२७ साली त्याने पुस्तक छापलं आणि त्याच्याच देशात त्याला फारसं कोणी विचारलं नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपली पदक दिलं ते १८४१ साली. बरोबर चौदा वर्षं! आपल्याकडे एवढ्या काळाला काय म्हणतात ते सांगायला नको.

गंमत म्हणजे विजेची खरी शाळा आमच्या उशाशीच आहे. मास्तर धारा शिकवताना टाकी आणि नळाचं उदाहरण देतात. आम्ही ते खोपोलीला डोळ्यांनी बघतो. वर घाटमाथ्यावर वळवण, लोणावळा, शिरवता ही धरणं. तिथलं पाणी पाइपातून पाचशे मीटरहून जास्त खाली येऊन चाकांवर आदळतं. उंची म्हणजे व्होल्ट, लोंढा म्हणजे अँपिअर, दोहोंचा गुणाकार म्हणजे काम. इंद्रायणीतून भीमेला भेटून पूर्वेच्या समुद्राकडे निघालेलं पाणी राबून झाल्यावर आमच्या पाताळगंगेत उतरतं आणि पश्चिमेला जातं. पाण्याला विचारलं होतं का, हा वेगळा प्रश्न.

टाटांच्या या खोपोलीच्या वीजकेंद्राची वीज फेब्रुवारी १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. सुमारे सत्तर किलोमीटरच्या वाटेवर ती पाठवली १ लाख व्होल्टने. कारण तारेत वाया जाणारी उष्णता धारेच्या वर्गाने वाढते. व्होल्ट चढवले की तेवढंच काम थोड्या धारेत भागतं आणि तार शांत राहते. १९१५ सालच्या त्या माणसांना जे पक्कं ठाऊक होतं, ते आमच्या शेवटच्या खांबाला अजून उमगलेलं नाही. डीपी तिकडे रस्त्याला, तार बारीक, मधे गीझरांची रांग. पन्नास व्होल्ट वाटेतच विरतात. तारेवर बसलेल्या कावळ्यांचे पाय तरी शेकत असतील, अशी मी स्वतःची समजूत घालतो.

"मग बिल तरी कमी येईल ना?" सौ.ने गणिताच्या कागदाकडे बघत विचारलं.

तेही केलं. १००० वॉट एकवीस मिनिटं किंवा ६१२ वॉट चौतीस मिनिटं : दोन्हीकडे ०.३५ युनिट.

"म्हणजे बिल तेवढंच, उशीर तेवढा फुकट," ती म्हणाली. एवढ्या मोजक्या शब्दांत आमच्या मास्तरांनीही कधी सांगितलं नव्हतं. आणि हा हिशेब बादलीवर झाकण आहे असं धरून. उघड्या बादलीतलं पाणी त्या जादा वेळात निवतंही, हे मी बोललो नाही.

अकराच्या सुमाराला फार्महाऊसांतल्या गाड्या धबधब्याकडे निघाल्या. स्टॅबिलायझर टकटकला. २२८! घरात सगळ्यांच्या अंघोळी कोमट पाण्यात उरकलेल्या. आईने चष्मा वर करून तो आकडा नीट पाहिला.

"लाव आता कांडी," ती म्हणाली. "उद्या रविवार आहे. उद्याचं पाणी आजच तापवून ठेव."