बिलाला बिऱ्हाड

जर्मनीत धंद्याचं बिल फेकायलाही कायद्याकडे बघावं लागतं. पूर्वी ते 10 वर्षं जपायचं; 2025 पासून, नोकरशाही आटोक्यात आणण्याच्या धडाक्यात, मुदत चक्क 8 वर्षांवर आणली. मग स्कॅन कुठेतरी ठेवणं आलंच.

वॉलडॉर्फच्या सॅप कंपनीच्या धंद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कारकुनाने ऑर्डरला अशा बिलाची पीडीएफ जोडली, की वेगळी व्यवस्था केली नसेल तर ती थेट डेटाबेसात, ‘सॉफकॉन्ट1’ नावाच्या टेबलात जाऊन बसते. हे बाइट ना बेरजेला उपयोगी, ना जुळवणीला. टेबल मात्र बाळसं धरतं. पूर्ण बॅकअप घ्यायचा म्हटलं की कधीच न बदलणारी तीच शिक्का मारलेली पानं पुन्हा इमानेइतबारे कॉपी होतात.

मग सल्लागार अवतरतात. म्हणतात, फायली डेटाबेसबाहेर काढा, सॅपच्याच कंटेंट सर्व्हरवर टाका. उत्तम! आणि हा सर्व्हर त्या ठेवतो कुठे? त्याची जुनी, रुळलेली मांडणी म्हणजे मॅक्सडीबी. तोही सॅपचाच, आणि तोही रिलेशनल डेटाबेसच! पहिल्याचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर, एवढंच.

खरं तर त्याच सर्व्हरला साध्या फाइल सिस्टिमवर लिहिण्याची सोयही आहे. सल्लागाराला पैसे मोजण्याआधी तेवढं विचारून घ्या.