डावा कोल्हापूरकडे, उजवा धारवाडकडे

बेळगावात आरशासमोर पूर्वेला तोंड करून बसलं की डाव्या डोळ्याचा पंख निपाणीवरून कोल्हापूरकडे निघतो आणि उजव्याचा धारवाडकडे. दोन्ही सारख्या लांबीचे, सारख्या चढणीचे आले पाहिजेत. सीमाभागात जन्म काढलेल्या बाईला एवढं सांगितलं तरी पुरे. काम किती नाजूक आहे ते तिला लगेच कळतं.

पंख म्हणजे डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून भुवईच्या टोकाकडे चढत, बारीक होत जाणारी आयलायनरची रेघ. ती मला शिकवायला बसली माझी भाची. मूळची निपाणीची, कॉलेजसाठी बेळगावात आमच्याकडे राहते. लग्नसराई तोंडावर होती आणि मावशीनं या वयात नुसतं काजळ लावून फोटोत उभं राहू नये, असं तिचं मत पडलं.

"कोपर टेबलावर टेकव. पापणी कशाला ओढायलीस? सोडली की रेघ आकसती."

काजळाला असले नियम नव्हते. आजी एरंडेलाचा दिवा लावून त्यावर पितळी ताटली उपडी धरायची, धरलेली काजळी खरवडून तुपात कालवायची आणि डबीत भरून ठेवायची. करंगळीनं ओढलं की झालं. दुपारपर्यंत ते गालाकडे उतरलं तरी कुणी नावं ठेवत नसे, उलट डोळे मोठे दिसतात म्हणायचे. लायनर मात्र जिथं पडला तिथंच वाळतो आणि साक्ष देत बसतो.

तरी या थेराचं खापर आजकालच्या पोरींवर फोडायला मी तयार नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर आमच्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. 1880 साली पुण्यात त्यांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं, त्यात बायकांच्या भूमिका पुरुषांनीच केल्या. पुढे 1905 मध्ये बालगंधर्व त्यांच्याच मंडळीत आले आणि शकुंतला झाले. दिव्यांच्या उजेडात शेवटच्या रांगेपर्यंत डोळे पोचवायचे, तर ते नीट रेखाटावेच लागत. म्हणजे बायका चुलीपुढे डोळे चोळत होत्या, तेव्हा डोळे रंगवायची कला मिशा काढलेल्या पुरुषांच्या हातात होती.

मग आला सिनेमा. 1967 साली 'ॲन इव्हनिंग इन पॅरिस' लागला आणि शर्मिला टागोरच्या डोळ्यांच्या कडेची ती लांब काळी रेघ देशभर गेली. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेची रेघ सुचवणारा महाजन आयोगाचा अहवाल आला तोही त्याच वर्षी. पहिली रेघ मुलींनी विनातक्रार उचलली. दुसरी कर्नाटकाला पटली, महाराष्ट्राला पटली नाही, आणि 2004 पासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे.

भाचीच्या शिकवणीतली सगळ्यात मोलाची गोष्ट मला तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळली. मी डोळा मिटून पंख काढत होते. मिटलेल्या पापणीवर तो अगदी सुबक दिसे, आणि डोळा उघडला की मधोमध मोडे. वयानं पापणीवर घडी येते, रेघ त्या घडीत शिरून तुटते. यावर उपाय असा की डोळे उघडे ठेवायचे, आरशात सरळ समोर बघायचं, पंखाचं टोक आधी एका ठिपक्यानं ठरवायचं आणि घडीवरून अलगद कोपऱ्याकडे परत यायचं. रेघ मोडकी वाटली तरी चालते, चेहरा जसा असतो तसा असताना ती सरळ दिसली म्हणजे झालं. 1956 ला राज्यांच्या रेघा ओढणाऱ्यांजवळ अशी एखादी भाची बसलेली असती तर, असं मनात आलं. पण भाचीला राजकारणाचा कंटाळा आहे, म्हणून बोलले नाही.

खरी कसोटी दुसऱ्या डोळ्याची. एक पंख कसाही येवो, त्याला जोडीदार मिळत नाही. माणसाचे दोन डोळे मुळात सारखे नसतात, भुवयाही नसतात. डावा आखूड वाटला म्हणून वाढवला, की उजवा आखूड वाटतो. त्याला न्याय दिला, की डाव्याची पुन्हा तक्रार. या समन्यायात दोन्ही रेघा कानशिलापर्यंत पोचल्या, तेव्हा शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. काकूंचं माहेर धारवाडचं.

"उजवा छान आलाय की हो," त्या म्हणाल्या. "डावा तेवढा जरा..."

"डावाच बरोबर आहे," निपाणी उसळली.

मी खोबरेल तेल लावून दोन्ही पुसून टाकले. वॉटरप्रूफ लायनर पाण्याला दाद देत नाही, तेलापुढे मात्र लगेच नमतो.

एवढं पाहून काकूंनाही हौस आली. पण चष्मा काढला तर त्यांना आरसा दिसेना, घातला तर पेन पापणीपर्यंत जाईना. "तूच काढ ग, मी नुसती बसते," म्हणत त्यांनी चेहरा भाचीच्या हवाली केला. मी अंगठ्यानं माप घेऊन दोन्ही बाजू तपासल्या. तंतोतंत. काकू विरजणाची वाटी घेऊन ऐटीत घरी गेल्या आणि आम्ही दोघी कान देऊन दारात उभ्या राहिलो.

काकांनी बहुधा पेपरातून मान वर केली असावी. "काय ग," आवाज आला, "रात्री झोप लागली नाही काय?"