तंजावरचा हिवाळी बाप

तंजावरात डिसेंबरातसुद्धा पारा विशीच्या खाली क्वचितच उतरतो. पण हिवाळी बापाला पाऱ्याशी काही देणंघेणं नसतं. बँकेच्या नाहीतर विद्यापीठाच्या नोकरीपायी तो नाशिक-पुण्याकडून इथे येतो आणि येताना लहानपणच्या शेकोट्या, हुरडा, तोंडातून निघणारी वाफ असलं सगळं सामानात बांधून आणतो. इथे ते उघडायला हवाच नाही. मग सहामाही परीक्षा संपून सुट्टी लागली, की तो सहा वर्षांच्या लेकीला कानटोपी चढवतो आणि जाहीर करतो, "यंदा थंडीत धमाल करायची!" लेक घामेजल्या कपाळानं मान डोलावते. गावकरीही पहाटे कानांना मफलर गुंडाळून देवळात निघालेले असतात, त्यामुळे त्याचं फावतं.

डिसेंबरच्या मध्यापासून पोंगलपर्यंत मार्गळी महिना. या महिन्यात दारोदार पहाटे सडा पडून कोलम, म्हणजे इथल्या रांगोळ्या, उमटतात. हे काम बहुतेक घरांत बायकांचं. हिवाळी बाप मात्र "मुलांचं हस्तकौशल्य वाढतं" असं सांगून पाचला लेकीला उठवतो आणि फूटपट्टी घेऊन दारात बसतो. ठिपके नीट पडतात; माणूस हिशेबाचा आहे. घोटाळा रेषेत होतो. सिक्कु कोलमची रेषा ठिपक्यांना वळसे घालत फिरून निघाल्या जागी येऊन मिळायला हवी. त्याची शेजाऱ्याच्या मोटारसायकलपाशी जाऊन संपते. समोरच्या घरातली पाट्टी, म्हणजे आजी, चिमटीत पीठ धरून, रस्त्यावरच्या भाजीवाल्याशी घासाघीस करत, खाली न बघता आपला कोलम पुरा करते, मधोमध शेणाच्या गोळ्यावर भोपळ्याचं फूलही खोचते. एव्हाना लेक तिच्या पायरीवर जाऊन बसलेली असते. "अगं, आपलं इकडे चाललंय ना?" बाप हाक मारतो. "तुमचं चालू द्या, बाबा," लेक समजुतीनं सांगते.

दुसरा आठवडा तंजावर चित्रकलेचा. पाटावर कापड चिकटवायचं, खडूची भुकटी आणि डिंक कालवून दागिने, महिरपी उठावदार करायच्या, त्यावर सोनेरी वर्ख, मधेमधे काचेचे खडे. लोणी खाणारा गुबगुबीत बाळकृष्ण ठरलेला. वर्ख इतका हलका, की पंखा बंद करावा लागतो. पंखा बंद झाला, की तंजावरच्या हिवाळ्याचं पितळ उघडं पडतं. स्वेटर घातलेला बाप कृष्णावर ठिबकू लागतो. डिंकाचा ब्रश लेकीच्या हातात एकदाच येतो आणि "सांडशील" म्हणून लगेच परत जातो. तिला खड्यांची रिकामी डबी मिळते. ती डबी ती दिवसभर वाजवते. संध्याकाळी चित्राचा फोटो पुण्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो, खाली मजकूर: 'आमच्या चिमणीची कला'. आत्या अंगठे पाठवतात.

मग बाहुली. तंजावरची डोलणारी बाहुली कागदाच्या लगद्याची. बूड गोल आणि जड, त्यामुळे कितीही आडवी करा, उठून बसते. बायकोनं अजून न वाचलेला पेपर भिजवून, खळ शिजवून बाप ती घरी घडवतो. आठवडाभर बाल्कनीत वाळवतो. ईशान्य मोसमी पावसाची एखादी उशिराची सर तिला पुन्हा भिजवून जाते. अखेर रंगरंगोटी होते, घरचे जमतात, बाप बोटानं हलकेच ढकलतो. बाहुली आडवी होते आणि आडवीच राहते. लेक तिच्या अंगावर हातरुमाल पांघरते. "झोपलीय. ओरडू नका."

इतिहासाशिवाय या बापाचा छंद पुरा होत नाही. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी 1803 मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आहे, भला मोठा. तिथे लेकीला उभं करून तो अक्षरओळख घेतो. याच राजानं छापखाना काढून इसापाच्या गोष्टी मराठीत छापवल्या, हेही सांगतो. ते बाकी खरं आहे, आणि कितीही सांगितलं तरी कमीच. लेक 'ग' शोधते, सापडतो, टाळ्या. तेवढ्यात खार दिसते आणि भोसले घराणं तिथेच थांबतं. बाप मात्र पुढे वाचत राहतो. मागे दोन पर्यटक उभे राहतात, मग चार, आणि त्याला बाप असल्याचा विसर पडतो.

त्याचा खरा सण भोगी. पोंगलच्या आदल्या पहाटे लोक दारापुढे जुन्या चटया, मोडक्या टोपल्या जाळतात. अखेर शेकोटी! तो हात पुढे करून उकिडवा बसतो. बायकोही सुपात जिन्नस घेऊन बाहेर येते: फाटकी कानटोपी, खळीचे कडक कागद, वर्खाची चिटोरं. बाहुली वाचते, कारण लेक तिला उशीखाली लपवून आलेली असते.

सुट्टी संपत आली, की बापाला वीणा आठवते. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची. कारागिराकडे जाऊन त्यानं परस्पर भावही काढलेला असतो.

"वाजवणार कोण?" बायको विचारते.

"कोण म्हणजे? चिमणी!"

"चार फुटांची असते ती. चिमणी पावणेचार."

"वाढेल की."

"कोण? वीणा?"

बाप हिशेबाची वही उघडतो. लेक पाट्टीकडे गेलेली असते.