दवाखाना कसा तपासावा

डॉक्टर आपल्याला तपासतात, पण डॉक्टरांना कोण तपासणार? या प्रश्नाने अस्वस्थ होऊन प्रस्तुत लेखकाने डोंबिवलीतल्या एका दवाखान्याच्या बाकावर बसून बावीस वर्षे जे निरीक्षण केले, त्याचे सार होतकरू परीक्षकांसाठी येथे देत आहोत. साहित्य : दोनशे पानी वही, एक पेन आणि एक खोकला. स्वतःचा नसल्यास आईचा न्यावा. तिचा बारमाही असतो.

परीक्षणाला आरंभ चप्पल काढण्यापूर्वी, पाटीपाशी करावा. पाटीवर माणसे फक्त वेळ वाचतात आणि नेमकी तेवढीच गोष्ट खोटी असते. ‘सायं. ६ ते ९’ म्हणजे सात वाजता कंपाउंडर हातात केरसुणी घेतो. वाचायचा असतो तो नोंदणी क्रमांक. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार तो दवाखान्यात, औषधाच्या चिठ्ठीवर आणि पैशाच्या पावतीवरही हवा. फीचा फलकही लावलेला हवा. आमच्या डॉक्टरांचा फलक आहे, पण कॅलेंडरच्या मागे. महिन्यातून एकदा, पान उलटताना दिसतो. दहापैकी तीन गुण.

यानंतर बाक. परीक्षकाने बाकावर किमान तास काढावा. वेगळे प्रयत्न करावे लागत नाहीत. नंबर वहीत लिहायचा असतो. नाव लिहून माणसे भाजी आणायला जातात, साडेसातनंतर गाड्या रिकाम्या होऊ लागल्या की स्टेशनवरून थेट येऊन टेकतात, आणि कंपाउंडर सगळ्यांना न बघता ओळखतो. ही व्यवस्था उत्तम चालते, तोपर्यंत, जोपर्यंत ‘फक्त रिपोर्ट दाखवायचाय’ म्हणणारा गृहस्थ येत नाही. हा गृहस्थ आत जातो. रिपोर्ट दाखवतो. मग गुडघा दाखवतो. मग बायकोला आत बोलावतो, मग फोनवरून पुण्याच्या मेव्हण्याची लक्षणे सांगतो. परवा तो बाहेर आला तेव्हा माझा ताप उतरलेला होता. याचे गुण डॉक्टरांच्या खात्यात घालावेत की कापावेत, हे अजून ठरलेले नाही.

आत गेल्यावर बीपीच्या यंत्राकडे लक्ष द्यावे. जिना चढून धापा टाकत आलेल्या माणसाच्या शर्टाच्या बाहीवर पट्टा गुंडाळून, ‘काय म्हणताय?’ विचारत जे मोजतात, ते बीपी नव्हे. पाच मिनिटे स्वस्थ बसलेले, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर आणि तोंड बंद. आमचे डॉक्टर आईला म्हणतात, “काकू, पाच मिनिटं बोलायचं नाही.” आमच्या घरातला हा विक्रम त्या खोलीत दर महिन्याला होतो. पूर्ण गुण.

लहान मूल असेल तर त्याला काट्यावर उभे केले का, ते बघावे. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो.

सुई नवी फोडली का, वापरून झाल्यावर पांढऱ्या डब्यात गेली का, ते बघावे.

नियम सहा ते आठ उपलब्ध नाहीत. वहीचे ते पान आईने वाण्याच्या यादीसाठी फाडले.

आता मूळ दुखणे. आमचे डॉक्टर इंजेक्शन देत नाहीत. आईच्या मते हा गुन्हा आहे. “सुई नाही, सलाइन नाही, मग २०० रुपये कशाचे? बघायचे?” मी तिला हसलो. मग गेल्या पावसाळ्यात मला सर्दी-ताप आला. डॉक्टर म्हणाले, “व्हायरल आहे, पाणी प्या, झोपा, तीन दिवसांत उतरलं नाही तर या.” आणि मी, बावीस वर्षांचा अनुभवी परीक्षक, संध्याकाळी गुपचूप दुसऱ्या, नव्या दवाखान्यात गेलो. तिथे एसी होता, टोकनचे लाल आकडे होते, मासे होते. सलाइन लावली, पाच तपासण्या लिहिल्या आणि पाकिटावर उभी लाल रेघ असलेल्या गोळ्या दिल्या. ती रेघ, अँटिबायोटिक मनाने घेऊ नये म्हणून असते. व्हायरलवर ते कुणाच्याही मनाने चालत नाही. बाटलीवरचं मी पडल्यापडल्या वाचलं : ग्लुकोज पाच टक्के, ५०० मिली. म्हणजे २५ ग्रॅम साखर. आई दोन कप चहात तेवढी घालते आणि वर आलं असतं. माझ्या वहीत त्या दवाखान्याला शंभरपैकी ९१ गुण आहेत, कारण एसीला वीस मीच ठेवले होते.

आमच्यांना ३८.

मग आईचं बीपी वाढलं. उतरेचना. मला वाटलं गोळी वाढवतील. ते म्हणाले, “काकू, घरातली औषधांची पिशवीच घेऊन या.” पिशवी टेबलावर उपडी केली. बाम निघाला, दहा वर्षांपूर्वीचे थेंब निघाले, एक रबरबँड निघाला. डॉक्टर एकेक पाकीट चष्मा वर करून वाचत होते. बाहेर बाक कुरकुरत होता. एक पाकीट त्यांनी बाजूला ठेवलं.

“ही कुणाची?”

“शेजारच्या वहिनींची. गुडघ्याला. त्यांना गुण आला म्हणून दिल्या.”

“रोज घेता?”

“दोन वेळा. जेवल्यावर हो, उपाशीपोटी नाही.”

वेदनाशामक गोळ्यांनी बीपी चढतं, मूत्रपिंडावरही ताण येतो. त्यांनी ते पाकीट खणात टाकलं, नवीन काहीही लिहिलं नाही, आणि पंधरा दिवसांनी बोलावलं. तेव्हा बीपी जागेवर होतं. गुडघा दुखत होता, त्याबद्दल आई आजही त्यांनाच बोल लावते. “सुई तर नाहीच, होती ती गोळीपण काढून घेतली. वर २००.”

या प्रसंगासाठी वहीत रकाना नव्हता.

उद्या आईचं बीपी दाखवायचं आहे. मी सातला नंबर लावून भाजीला जाणार आहे. ज्यांना फक्त रिपोर्ट दाखवायचाय, त्यांनी कृपया परवा यावे.