आमचे सचिव

पुण्यात अध्यक्ष पैशाला पासरी मिळतात. हार घालून घ्यायला, नारळ वाढवायला आणि ‘वेळेअभावी दोनच शब्द बोलतो’ म्हणून पाऊण तास बोलायला माणूस लागतो आणि तो हाकेसरशी येतो. सचिव मात्र जन्मावाच लागतो. आमच्या कोथरूडच्या कॉलनीतल्या नागरिक समितीचे सचिव असे जन्मजात आहेत. त्यांना आईवडिलांनी ठेवलेलं एक नाव आहे, ते विजेच्या बिलावर येतं. एरवी दूधवाल्यापासून वॉर्ड ऑफिसच्या शिपायापर्यंत सगळे त्यांना सचिवच म्हणतात. सूनबाईसुद्धा फोनवर हळूच सांगते, “सचिव आंघोळीला गेलेत, थोड्या वेळानं करा.”

सरकारी खात्यातून निवृत्त झाल्यावर लोक यात्रा कंपनीची माहितीपत्रकं चाळतात. सचिवांनी सोसायटी नोंदणीचा १८६० चा कायदा वाचायला घेतला. संस्था नोंदवायला किमान सात माणसं लागतात. स्वतः, वहिनी, वहिनींचे बंधू, कोपऱ्यावरचे केमिस्ट, असे करत करत सहा झाले, सातव्यासाठी मला उठवलं. मी पायजम्यात दारात उभा होतो. “काही करायचं नाही,” सचिव म्हणाले, “फक्त तुमचं नाव घातलंय.”

‘तुमचं नाव घातलंय’ या तीन शब्दांवर आमची समिती उभी आहे. सचिव कुणाला ‘कराल का’ असं विचारत नाहीत. आधी नाव घालतात, मग कळवतात. कुत्री रात्री भुंकतात अशी तक्रार घेऊन एक गृहस्थ तावातावानं आले, ते श्वान उपसमितीचे निमंत्रक होऊन परत गेले. आता नसबंदीसाठी गाडी कधी येणार, हे त्यांनाच विचारायचं. ढोलपथकाच्या सरावानं कान किटले म्हणणाऱ्या काकूंचं नाव थेट पथकाशी बोलणी करणाऱ्या गटात घातलं. काकूंनी मुलांशी भांडून सरावाची वेळ ठरवून घेतली आणि बदल्यात मैदानातले दगड त्याच मुलांकडून उचलून घेतले. आता विसर्जनाच्या दिवशी त्या पथकामागून पाण्याच्या बाटल्या घेऊन चालतात. माणसाची तक्रार आणि त्याचं काम यांच्यात सचिवांच्या लेखी फारसं अंतर नसतं. एखाद्याला काहीच तक्रार नसली, की सचिवांना त्याची काळजी वाटते.

त्यांची खाकी कापडी पिशवी एकदा आतून पाहायला मिळाली. लेटरहेड, शिक्का, शाईचं पॅड, पंचिंग मशीन, माहिती अधिकाराच्या अर्जाला लागतात म्हणून दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प, खोकल्याच्या गोळ्या आणि पाच मीटरची स्टीलची टेप. फुटपाथवर चालायला निदान १.८ मीटर मोकळी जागा हवी, असा इंडियन रोड्स काँग्रेसचा दंडक आहे. हे वाचल्यापासून ती टेप पिशवीत स्वस्थ बसत नाही. परगावी लग्नाला गेले तरी वरात थांबली की हे वाकून माप घेतात. दरवर्षी ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन होतो, गाड्या बंद असतात. त्या दिवशी सचिव इस्त्रीचा झब्बा घालून सहकुटुंब जातात आणि रस्त्याच्या बरोब्बर मधोमध, दोन्ही हात मागे बांधून, कुठेही न थांबता चालतात. वहिनींना एखादं साडीचं दुकान बघायचं असतं, पण फुटपाथवर चढायची त्या दिवशी परवानगी नाही.

सचिवांचा देव म्हणजे पोच. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा गोल शिक्का, तारीख आणि कारकुनाची सही उमटेपर्यंत ते पत्र दिलं असं ते मानत नाहीत. आपण उत्साहानं सांगावं, “सचिव, त्या ड्रेनेजच्या झाकणाचं मी साहेबांना प्रत्यक्ष भेटून सांगून आलो.” ते चष्म्यावरून बघतात. “पोच?” संपला आपला पराक्रम. उत्तर आलं नाही की स्मरणपत्र क्रमांक एक जातं, मग दोन, मग अंतिम स्मरणपत्र. त्यानंतर अंतिम स्मरणपत्र क्रमांक दोन. झाकण बसेपर्यंत क्रमांक वाढत राहतात, आवाज मात्र वाढत नाही. सचिवांना कुणावर ओरडताना मी पाहिलेलं नाही. त्यांच्या रागाची परिसीमा म्हणजे ‘खेदाने नमूद करावेसे वाटते की’.

अलीकडे ते पत्राला फोटो जोडतात. खड्ड्याच्या आकाराचा अंदाज यावा म्हणून शेजारी स्वतःची डावी चप्पल काढून ठेवतात. कोल्हापुरी, अंगठ्यापाशी शिवलेली. वॉर्ड ऑफिसमध्ये पत्त्याच्या आधी ती चप्पल ओळखतात. मध्ये एकदा त्यांनी नवी घेतली, तर ज्युनिअर इंजिनिअरचा संध्याकाळी फोन. “काका, बरे आहात ना? फोटोत दुसऱ्याच कुणाची चप्पल दिसली म्हणून विचारलं.” सचिव गहिवरले. दुसऱ्या दिवशी जुनी चप्पल चांभाराकडून आणून परत कामावर रुजू केली.

सभांचं काय सांगू! सूचना सहा वाजताची. सहाला सचिव, सतरंजी आणि मी. सव्वासहाला केमिस्ट डोकावतात आणि गिऱ्हाईक आलं म्हणून जातात. मग सचिव उभे राहतात, रिकाम्या सतरंजीला उद्देशून खणखणीत आवाजात ‘गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब’ जाहीर करतात, आणि बसतात. अर्ध्या तासानं त्याच जागी तीच सभा भरते, तिला गणपूर्तीची अट नसते. हे वाक्य इतिवृत्तात ते घरूनच लिहून आणतात. चहा आला की माणसं येतात. हिशेबात चहा वेगळा, बिस्किटं वेगळी, आणि उरलेला पुडा ‘पुढील सभेस वर्ग’.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, पण कोपऱ्यावरच्या डीपीशेजारचा उकिरडा मी रोज बघत होतो. महापालिकेच्या भाषेत त्याला क्रॉनिक स्पॉट म्हणतात. तिथं बोर्ड लावून झाला, त्यावर कुणीतरी पान थुंकलं. रांगोळी काढून झाली. कुंड्या ठेवल्या, त्या एका रात्रीत गेल्या. देवांच्या टाइल्स बसवा, असं एकानं सुचवलं, त्यावर सचिव म्हणाले, “देवाची ड्यूटी कचऱ्यावर लावायची नाही.” मग स्वतःची ड्यूटी लावली. पहाटे साडेपाचला घरची घडीची खुर्ची, थर्मास, कागदी कप आणि कानटोपी घेऊन ते डीपीशेजारी जाऊन बसले.

स्कूटर हळू करून पायाशी ठेवलेली पिशवी भिरकावण्याच्या बेतात असलेल्या माणसाला अंधारातून “या, चहा घ्या,” असं ऐकू आलं तर त्यानं काय करावं? काहींनी ‘नको, नको’ म्हणत पिशवीसकट पोबारा केला. काही खरंच थांबले. एका हातात चहा, दुसऱ्या हातात कचरा. सचिव पिशवीबद्दल चकार शब्द काढत नसत. मुलगा कितवीला आहे, पाणी किती वाजता येतं, एवढंच विचारत. आणि मग ‘स्वच्छ’ची कथा लावत: कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली कशी उभी राहिली, तिच्यातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था कशी निघाली, २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार कसा झाला. चहा संपला तरी कथा संपत नसे. पुढे लोक कथेच्या धास्तीनंच तो रस्ता टाळू लागले, असं केमिस्ट म्हणतात.

पण तरीही पडणाऱ्या पिशव्या होत्याच. त्यांचा छडा ‘स्वच्छ’च्या ताईंनी लावला. ताई काठीनं पिशवी नुसती उलटी करत आणि सांगत, “काका, ही मागच्या गल्लीतली. बाळाचे डायपर, परवाच बारसं झालं बघा. आणि ही बंगल्यातली, त्यांच्याकडं शहाळं रोज लागतं.” सचिव लिहून घेत. मग पिशवीवाल्याच्या घरी जात, पेढे घेऊन. बारशाचं अभिनंदन करत. निघता निघता पावतीपुस्तक काढत. “सदस्य करून घेतलंय तुम्हाला. कोपरा देखभाल गट, शनिवार सकाळ. तुमचं नाव घातलंय.” डायपरवाल्या घरचा तो तरुण आता शनिवारी तिथं उभा असतो आणि इतका कडक झालाय, की एकदा त्यानं खुद्द सचिवांची खाकी पिशवी उघडून दाखवायला लावली. आज त्या जागी ताई सावलीत बसून सुका कचरा निवडतात. सावलीसाठीचा पत्रा समितीचा. त्याची पोच ताईंकडून अंगठा नको, सहीच हवी, असा सचिवांचा हट्ट होता. ताई हसल्या, म्हणाल्या, “सही येती मला, पेन द्या.”

मध्यंतरी एका मोठ्या संस्थेतली मुलं लोकसहभाग शिकवायला आली. रंगीत चिकट चिठ्ठ्या, मार्कर, गोल करून बसणं. प्रत्येकानं मनातली अपेक्षा चिठ्ठीवर लिहून भिंतीवर लावायची. सचिवांनी ती भिंत बराच वेळ न्याहाळली, आणि चहाच्या वेळात प्रत्येक चिठ्ठीवर आवक क्रमांक घालून शिक्का मारला. मुलं अवाक झाली. “नाहीतर गळून पडल्यावर जबाबदार कोण?” हे त्यांचं म्हणणं. त्याच मुलांनी अंगणात रांगोळीनं कॉलनीचा नकाशा काढून बायकांना सांगितलं, जिथं संध्याकाळनंतर जायला नको वाटतं तिथं कोळसा ठेवा. सचिव फिरायला जातात त्या नाल्याकडच्या रस्त्यावर बघता बघता कोळशांची रांग लागली. एका शाळकरी मुलीनं शेवटचा कोळसा बसस्टॉपवर ठेवला. सचिव गुडघ्यावर बसून एकेक कोळसा मोजत होते. “याची नोंद माझ्याकडे नाही,” म्हणाले. पत्र तिथंच, रांगोळीशेजारी बसून लिहिलं गेलं. त्यावर पहिली सही त्या मुलीची घेतली. अज्ञान व्यक्तीची सही ग्राह्य धरत नाहीत, हा आक्षेप त्यांचा त्यांनीच घेतला आणि त्यांचा त्यांनीच फेटाळला. दिवे अंतिम स्मरणपत्र क्रमांक एकपर्यंत लागले.

पुणे महापालिकेनं २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घ्यायला सुरुवात केली. एका कामाला पाच लाखांची मर्यादा. म्हणजे फुटपाथचा तुकडा, दिवे, बाकं, असं गल्लीच्या मापाचं काम. हे अर्ज भरायचे दिवस साधारण गणपतीच्या आगेमागे येतात, म्हणून सचिव ते गणपतीतच धरतात. गौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना वहिनी वाण देतात आणि सचिव अर्ज. आमच्या सूचनेतून एकदा बसस्टॉपजवळ बाक मंजूर झालं. ठेकेदाराच्या माणसांनी ते रस्त्याकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून बसवलं. सचिवांनी चपलेसह फोटो काढला, पत्र गेलं. दरम्यान दोन आजोबा त्या बाकावर भिंतीकडे बघत बसायला लागले. धूळ नाकात जात नाही आणि ओळखीचे लोक गाडी थांबवून पिडत नाहीत, असं त्यांना आढळलं. बाक फिरवायला माणसं आली तेव्हा आजोबांनी लेखी हरकत घेतली. सचिवांनीच त्यांना मसुदा करून दिला आणि स्वतःच्या पत्राविरुद्धची पोच त्यांना आणून दिली. बाक अजून भिंतीकडेच बघतंय.

नगरसेवकांशी त्यांचं नातं वैऱ्याचं, म्हणजे रोजच्या येण्याजाण्याचं. २०१७ मध्ये एका प्रभागाला चार नगरसेवक आले, तेव्हा प्रत्येक काम बाकीच्या तिघांचं असे. सचिव मग एकच पत्र चौघांना देत आणि चार पोचा फायलीला लावत. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले आणि निवडणूक लांबतच गेली. या काळात सचिव खंगल्यासारखे झाले होते. “पत्रं द्यायला कार्यालय आहे हो,” एकदा म्हणाले, “पण चिडायला कुणी नाही.”

वहिनी या सगळ्याकडे कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता बघतात. स्वयंपाकघरातला नळ गळत होता. तोंडी सांगून कंटाळल्या, तेव्हा त्यांनी पाठकोऱ्या कागदावर ‘विषय : ओट्यावरील नळ गळत असल्याबाबत’ असा अर्ज लिहिला आणि सचिवांपुढे धरला. सचिवांनी वाचला, शुद्धलेखनाची एक चूक काढली, शिक्का मारून पोच दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लंबर हजर. तेव्हापासून त्या घरात मटारसुद्धा अर्जावर येतो.

दर वर्षी वार्षिक सभेत सचिव ‘आता तरुणांनी पुढे यावं’ असं म्हणतात आणि तरुण मोबाईलमध्ये बघतात. यंदा दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीनं हात वर केला. आयटीत आहे, घरूनच काम करते. सचिवांना हे अपेक्षित नव्हतं. पण ठराव म्हणजे ठराव. फायली, शिक्का, पॅड, टेप, सतरंजी, सगळ्याची यादी करून पदभार दिला. धर्मादाय आयुक्तांकडे द्यायचा पदाधिकारी बदलाचा अर्जही स्वतःच भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिच्या दारात एक पत्र घेऊन उभे. “फक्त नजरेखालून घाला.” तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तिनं दार उघडल्या उघडल्या सांगितलं, “काका, बरं झालं आलात. झाडगणनेच्या गटात तुमचं नाव घातलंय.”

सचिव क्षणभर गप्प उभे राहिले. मग लेखी नेमणूकपत्र मागितलं. तिनं ते व्हॉट्सअॅपवर पाठवलं. त्यांनी झेरॉक्सवाल्याकडून त्याच्या दोन प्रती छापून आणल्या, जिना चढून परत तिच्या दारात गेले आणि दुसरी प्रत पुढे करून म्हणाले, “यावर पोच द्या.”