गॅस्केटअण्णा

बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटचं फाटक पडलं की लोक रेल्वेला शिव्या घालतात आणि गॅस्केटअण्णांची ओपीडी सुरू होते. हातात दुधाची पिशवी घेऊन ते रांगेतल्या गाड्यांच्या कडेकडेनं चालत जातात. एखाद्या बोलेरोपाशी थबकतात, कान देतात आणि आतल्या अनोळखी माणसाला विचारतात, "पाणी कितीदा घालतासा?"

"अं?"

"रेडिएटरात हो. आठवड्यातनं एकदा? आणि खाली थेंब पडत नाही न्हवं? मग ते जातंय कुठं?"

मालक गप्प. मालगाडी लांबलचक असली तर उत्तर अण्णाच देतात : सिलिंडरात जातंय आणि सायलेन्सरातनं वाफ होऊन बाहेर पडतंय. हेड गॅस्केट गेलंय.

नावं वेगळी असतील, पण टिळकवाडीत दोन-चार गल्ल्यांमागे असे एक अण्णा भेटतातच. शेजारी उद्यमबाग, तिथल्या फाउंड्रीत आणि लेथवर उमेदीची वर्षं घालवलेली माणसं इकडं राहायला. आणि गोव्याकडे, कोकणाकडे निघालात की चोर्ला, आंबोली, तिलारी हे घाट. इंजिन कळणारी माणसं आणि इंजिन उकळवणारे रस्ते इतके जवळ आल्यावर दुसरं काय होणार?

गॅस्केट म्हणजे बिडाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामध्ये चेपलेला जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीचा थर. आत स्फोट, शेजारच्या भोकातनं पाणी, पलीकडनं ऑइल. तिघांनी आपापली हद्द पाळायची. बेळगावच्या माणसाला हद्दीचा विषय यापेक्षा जास्त फोडून सांगावा लागत नाही.

अण्णांची तपासणी मात्र पक्की असते, हे कबूल केलं पाहिजे. गाडी रात्रभर उभी, इंजिन पूर्ण गार. मगच रेडिएटरचं झाकण काढायचं, कारण तापल्यावर त्याखाली दाबातलं पाणी असतं आणि ते थेट तोंडावर येतं. स्टार्टर मारायचा. पाण्यात बुडबुडे येतच राहिले तर सिलिंडरातला वायू घुसतोय. मग झाकण लावून वरचा होज दाबायचा. पाणी अजून गारच आहे आणि मिनिटभरात पाइप कडक झाला, तरी तेच. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं की अण्णा चष्मा पुसतात. फक्त फिलरच्या झाकणाला पांढरी साय दिसली तर मात्र घाई करत नाहीत. "कॉलेज रोडपर्यंतच फिरवतोस, दव धरलंय. जा." जानेवारीतल्या सकाळी पांढऱ्या धुराकडेही ते बघत नाहीत. इंजिन तापल्यावर तो राहिला, तर बघतात.

त्यांचा खरा राग फोर-व्हील-ड्राइव्हवाल्या पोरांवर. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडं जायचं, चिखलात लो गिअर टाकायचा. इंजिन बोंबलतंय आणि गाडी चालतेय बैलाच्या चालीनं. रेडिएटरला समोरचा वारा नाही, सगळा भार पंख्यावर, त्यात जाळीत चिखल लिंपलेला. इंजिन उकळतं. मग बहाद्दर त्यावर गार पाणी ओततात. हेडचं अॅल्युमिनियम तापल्यावर ब्लॉकच्या बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. हेड वाकडं होतं आणि गॅस्केटची पकड जाते. असं पाणी ओतणारा अण्णांच्या लेखी खुनी. दुसरा आरोपी थर्मोस्टॅट काढून फेकणारा मेकॅनिक, तिसरा बोअरचं क्षारांचं पाणी भरणारा मालक. हा तिसरा बहुतेक वेळा समोरच उभा असतो.

एवढं ज्ञान असलेल्या माणसाची स्वतःची गाडी कशी असेल? जुनी महिंद्रा एमएम ५४०, आत २११२ सीसीचं प्यूजो डिझेल. ती अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे, हेडशिवाय. हेड उद्यमबागेतनं फेसिंग होऊन आलं, त्यावर स्ट्रेटएज ठेवून फीलर गेज सरकवून झाला. वर्तमानपत्रात गुंडाळून ते माळ्यावर गेलं. नवं गॅस्केट देवघराशेजारी खिळ्याला. अडलंय ते बोल्टांवर. ते मधनं सुरुवात करून बाहेर, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क रेंचनं कसायचे असतात, आणि अण्णांच्या मते तो धीर आजच्या एकाही मेकॅनिकच्या मनगटात नाही. स्वतः कसायला गेले तर वहिनी पाठीच्या मणक्यांची आठवण करून देतात. तोवर अण्णा दूध आणायला चालत जातात. म्हणून तर फाटकावर सापडतात.

गाडी दाखवायची असेल तर रात्रीच नेऊन त्यांच्या दारात लावा, कारण गार इंजिनाशिवाय ते हात लावत नाहीत. गल्लीत जागा मिळणं कठीण. तुमच्या आधीच्या दोन-तीन गाड्या असतात आणि शेजारी त्यावरून भांडत असतात. फी नाही. आणि घाटात तापमानाचा काटा चढायला लागला तर त्यांना फोन लावत बसू नका. एसी बंद करा, हीटर पूर्ण सोडा. तरी चढला तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा, आणि गार होईपर्यंत झाकणाला हात लावू नका.